पीतबिंदूचे विरळ विकार आणि इलाजाचे उपद्रव

डोळ्याच्या आतल्या अंगास जे दृष्टिपटल पसरलेले आहे, आणि ज्यास रुग्ण व त्यांचे नातलग नुसते ‘पडदा’ म्हणतात, त्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचे एक पिवळसर क्षेत्र असते, तो पीतबिंदू. या क्षेत्राच्याही पोटात दीड मिलिमीटरांचा एक खळगा आहे, आणि वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, येणाऱ्या बसवरची पाटी दुरून वाचणे ही जी कामे आपण दृष्टीची म्हणून समजतो, ती बहुतेक सगळी या खळग्याच्या हवाली केलेली आहेत. क्षेत्रफळाने तो दृष्टिपटलाच्या शतांशाहूनही कमी भरतो. पण मेंदूच्या दृष्टिविषयक भागाचा जवळजवळ निम्मा हिस्सा त्याचीच वार्ता घेण्यात गुंतलेला असतो. त्यातही विशेष हे की, खळग्याच्या ऐन मध्यावर रक्तवाहिनी नसतेच. प्रकाशाची वाट त्यामुळे निर्वेध राहते हे खरे, परंतु तेथल्या शंकुपेशींस आपला सारा शिधा पाठीमागच्या रंजितपटलातून, मधल्या रंजक पेशींच्या एकेरी थराच्या मध्यस्थीने घ्यावा लागतो. पुरवठ्याची वाट एकच, मध्यस्थ एकच आणि मागणी मात्र अमर्याद, अशी ही व्यवस्था असल्यामुळे शरीरात अन्यत्र जी सूज आठवड्याभरात विसरली जाईल ती येथे जन्मभराचे नुकसान करून जाऊ शकते.

वार्धक्यातील पीतबिंदूची झीज आणि मधुमेहाने त्यावर येणारी सूज हे दोन विकार आता वर्तमानपत्रांतून व व्याख्यानांतून पुरेसे परिचित झाले आहेत. प्रस्तुत आढाव्यात ते अनुषंगानेच येतील. येथे विचार करावयाचा आहे तो नित्याच्या विकारांच्या वेषात येऊन नेत्रवैद्यास चकविणाऱ्या विरळ विकारांचा, आणि त्याबरोबरच दृष्टिपटलावरील इलाजांतूनच उद्भवणाऱ्या उपद्रवांचा. वैद्यकीय ग्रंथांत ही दोन प्रकरणे निरनिराळ्या खंडांत घालण्याचा शिरस्ता आहे. तो शिरस्ता सोयीचा असला तरी वस्तुस्थितीस धरून नाही, असे माझे मत आहे. पीतबिंदूचे कित्येक विरळ विकार औषधांनी व उपकरणांनीच निर्माण केलेले आहेत. उलट कित्येक इलाज एखाद्या अपघाती इजेकडे कोणी नीट पाहिले म्हणून हाती आले आहेत. आणि एका विकाराचे औषध तेच दुसऱ्या विकाराचे कारण, असे प्रसंग या दीड मिलिमीटरांच्या प्रांतात इतके घडतात की, विकार आणि इलाज यांच्यामधली हद्द आखताना पंचाईत व्हावी.

या इजांत सर्वांत जुनी फिर्याद सूर्याच्या नावावर आहे. ग्रहणकाळी सूर्याकडे थेट पाहणारे डोळे बिघडवून घेतात, म्हणून त्याचे प्रतिबिंब पाण्यात पाहावे, हे प्लेटोने ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी घातले आहे; म्हणजे कारण ठाऊक होते, पण डोळ्याच्या आत काय बिघडते हे पाहण्याचे साधन, हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध करीपर्यंत, कोणाच्याच हाती नव्हते. ही इजा उष्णतेपेक्षा प्रकाशाच्या रासायनिक क्रियेने अधिक होते, आणि दृष्टिपटलास वेदना कळविणारे मज्जातंतू नसल्यामुळे ती होत असताना माणसास काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या ऐन मध्यावर एक डाग उमटतो, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. बहुतेकांची नजर तीन ते सहा महिन्यांत पुष्कळशी परत येते, एखाद्याच्या नजरेत मात्र बारीकसा ठिपका कायमचा राहतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी, ज्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कारवारच्या किनाऱ्यावरून दख्खनच्या पठारावर चढला त्या ग्रहणाच्या दिवशी, आपल्याकडील अनेक शहरांतले रस्ते ओस पडले होते. ग्रहण पाळण्याच्या समजुतीची सुधारकांनी कितीही थट्टा केली असली, तरी तिने पुष्कळ पीतबिंदू वाचविले असतील हे कबूल करण्यास हरकत नसावी. हल्ली हीच इजा मुलांच्या हाती खेळणे म्हणून पडणाऱ्या लेसरच्या दिव्यांनी होते, आणि मूल ती गोष्ट घरात बोलत नसल्यामुळे तिचे निदान एखाद्या आनुवंशिक विकाराच्या नावाखाली दडपले जाण्याचा संभव असतो.

परंतु सूर्याच्या या इजेचे खरे महत्त्व निराळेच आहे. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात ग्रहण लागले. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पीतबिंदू भाजून घेतलेला एक वैद्यकीय विद्यार्थी हॅम्बुर्ग येथे गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण नेत्रवैद्याच्या तपासणीत आला. त्याच्या पीतबिंदूवरचा व्रण पाहताना या वैद्याच्या मनात असे आले की, जो किरण नको तेथे पडून व्रण करतो तोच हव्या त्या जागी पाडला, तर दृष्टिपटलास पडलेल्या भोकांच्या कडा खालच्या थराशी सांधता येतील. त्याने आरशांची योजना करून खरोखरीच सूर्याचा प्रकाश रुग्णांच्या डोळ्यांत आणला. उत्तर जर्मनीच्या ढगाळ हवेत सूर्याचा भरवसा धरता येईना, तेव्हा कार्बनच्या ज्योतीचा, आणि पुढे झाइस कारखान्याच्या साहाय्याने झेनॉनच्या दिव्याचा अवलंब केला. १९६० मध्ये मेमनने रूबीचा लेसर सिद्ध केला, १९६८ मध्ये लेस्परन्सने आर्गॉनचा लेसर डोळ्यासाठी वापरला, आणि भाजण्याची ही विद्या जगभरच्या नेत्ररुग्णालयांत रूढ झाली.

तिचा उपकार मोठा आहे. मधुमेहाने दृष्टिपटलावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटू लागल्या असता लेसरने घोर दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये निर्विवाद दाखविले. पण या उपकाराची किंमत पहिल्या दिवसापासून वसूल होत आलेली आहे. पडद्याच्या कडेचा पुष्कळ भाग जाळून मधला भाग राखावयाचा, असा हा सौदा असल्यामुळे रात्रीची नजर मंदावते, बाजूचे दिसणे आकसते, आणि एकाच बैठकीत फार मोठे क्षेत्र भाजले तर पीतबिंदूवरच सूज चढते. पीतबिंदूच्या जवळ पाडलेले व्रण तर वर्षानुवर्षे हळूहळू रुंदावत जातात, आणि दहा वर्षांपूर्वी मध्यापासून सुरक्षित अंतरावर असलेला डाग एके दिवशी खळग्याच्या काठाशी येऊन पोचतो. भाजणे जास्त प्रखर झाले, तर रंजक थराखालचा पापुद्रा फाटून तेथूनच नव्या रक्तवाहिन्या वर चढतात. म्हणजे जो विकार थांबवावयाचा तोच नव्या जागी उत्पन्न होतो. रुग्णाने ऐन वेळी डोळा हलविल्याने किरण थेट खळग्यावर पडल्याची उदाहरणेही ग्रंथांत आहेत. १९४५ च्या त्या विद्यार्थ्याच्या इजेतून जन्मलेला इलाज अशा वेळी पुन्हा त्याच इजेच्या मुक्कामी येतो.

विरळ विकार ओळखू येऊ लागले ते दोन शोधांमुळे. १९६१ मध्ये इंडियाना विद्यापीठातील नोव्हॉट्नी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसिन हा रंग टोचून तो दृष्टिपटलाच्या वाहिन्यांतून जात असतानाची छायाचित्रे घेतली. त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने नाकारला आणि अखेर तो हृदय व रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. या तंत्राचे चीज केले ते मायामीच्या डोनाल्ड गॅस यांनी. १९७० मध्ये निघालेला त्यांचा पीतबिंदूच्या विकारांचा चित्रसंग्रह म्हणजे या विषयाचे पहिले शिस्तवार दफ्तर होय. आज जी नावे पीतबिंदूच्या तज्ज्ञांच्या बोलण्यात सहज येतात, त्यांतील बरीच गॅस यांनी प्रथम बारकाईने वर्णन करून दिली. दुसरा शोध १९९१ मधला, ओसीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचा. पडद्यास सुरी न लावता त्याचा उभा छेद पडद्याच्या थराथरानिशी दाखविणारे हे यंत्र आता तालुक्याच्या गावीही पोचले आहे, आणि त्याच्या सोयीबरोबर एक नवी गफलतही आली आहे; तिचा विचार पुढे येईल.

सौम्य वाटणाऱ्या पण वैद्याची कसोटी पाहणाऱ्या विकारांत पीतबिंदूखाली पाणी साचण्याचा विकार पहिल्या मानाचा धरावा लागेल. फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानचा, बहुधा पुरुष, कामाच्या ताणाखाली असलेला रुग्ण एका डोळ्यापुढे धुरकट ठिपका आल्याची, अक्षरे लहान व वाकडी दिसत असल्याची तक्रार घेऊन येतो. रंजितपटल फुगलेले असते, रंजक थरास कोठेतरी गळती लागलेली असते, आणि पीतबिंदू पाण्याच्या एका बुडबुड्यावर उचलला गेलेला असतो. पाणी दिसले म्हणजे दाह असावा आणि दाह असला म्हणजे स्टिरॉइड द्यावे, या तर्कशास्त्राने कित्येक दशके या रुग्णांस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे ध्यानात आले ते याच्या नेमके उलट: स्टिरॉइड हेच या विकाराचे सर्वांत ठळक ज्ञात कारण आहे, मग ते गोळीतून पोटात जावो, इंजेक्शनातून सांध्यात, दम्याच्या पंपातून फुप्फुसात, की मलमातून नुसत्या कातडीवर. आपल्याकडे चेहरा उजळ करण्यासाठी विकली जाणारी कित्येक मलमे आणि गुडघेदुखीवरच्या काही बेनामी पुड्या यांत स्टिरॉइड दडलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘औषधे काही घेता का’ हा प्रश्न किती खोदून विचारावा लागतो ते कळेल. रुग्ण मलमास औषध समजतच नाही.

हा विकार बहुसंख्य रुग्णांत तीन-चार महिन्यांत आपोआप निवळतो, आणि म्हणूनच आजवर जवळजवळ प्रत्येक औषधास त्याच्यावर गुण आल्याचे श्रेय मिळाले आहे. हृदयविकारात वापरले जाणारे एप्लेरेनोन हे औषध असेच काही वर्षे मोठ्या आशेने दिले गेले. २०२० मध्ये ब्रिटनमधील काटेकोर चाचणीने ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस नसल्याचा निर्णय दिला. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या विकारात व्हर्टेपोर्फिन हे प्रकाशग्राही औषध अर्ध्या मात्रेत शिरेतून देऊन त्यावर मंद लेसर टाकण्याची पद्धत मात्र खरोखर उपयोगी आहे: २०१८ च्या युरोपीय चाचणीत पहिल्या सहा-आठ आठवड्यांत या पद्धतीने निम्म्याहून अधिक रुग्णांचे पाणी पूर्ण ओसरले, तर सूक्ष्मस्पंदी लेसरने सातांत एकाचे. दुर्दैव असे की, २०२१ पासून या औषधाचाच जगभर तुटवडा पडला. ज्या विकाराचा इलाज ठाऊक आहे त्यासाठी औषध मिळत नाही, आणि ज्यांच्यासाठी औषधांचा सुकाळ आहे त्यांपैकी पुष्कळांस इलाजाची गरजच नाही, ही स्थिती कोणाही अमलदारास लाजविणारी आहे.

आता ओसीटीच्या त्या गफलतीविषयी. यंत्राच्या चित्रात पीतबिंदूमध्ये काळ्या पोकळ्या दिसल्या म्हणजे सूज, आणि सूज म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, असे समीकरण अनेक ठिकाणी रूढ होऊ पाहत आहे. मधुमेहात ते बहुधा बरोबर ठरते. पण पोकळी आणि सूज या एक गोष्टी नव्हेत. पीतबिंदूभोवतीच्या केशवाहिन्या विस्फारणारा जो विकार गॅस आणि ओयाकावा यांनी १९८२ मध्ये वर्गवारी करून मांडला, त्याच्या दुसऱ्या प्रकारात पेशी झिजून गेल्यामुळे पोकळ्या पडतात. तेथे काढून टाकण्याजोगे पाणीच नसते, आणि लेसर किंवा इंजेक्शन यांनी केवळ वेळ व पैसा खर्ची पडतो. मुलग्यांत आढळणाऱ्या आनुवंशिक पटलविदरणात पडद्याचे थर विलग होऊन अशाच पोकळ्या दिसतात. रक्तातील चरबीसाठी मोठ्या मात्रेत घेतलेले नायसिन, कर्करोगावरची टॅक्सेन गटातील औषधे, यांनीही पोकळ्या पडतात, आणि त्या बहुधा औषध थांबविल्यावर ओसरतात. यांतील बहुतेकांत शिरेतून टोचलेला फ्लुरोसिन रंग पाझरत नाही. तेव्हा जुनी रंगचित्रणाची तपासणी, जी कटकटीची म्हणून हल्ली टाळली जाते, तीच येथे निवाडा करते. केशवाहिन्यांच्या त्या विकारावर मात्र चार दशकांच्या प्रतीक्षेनंतर मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत पहिला इलाज मान्य झाला: पेशींस पोषक प्रथिन सतत पाझरविणारी एक सूक्ष्म कुपी, जी शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवावी लागते. तो झीज मंदावितो. गेलेली नजर परत आणीत नाही.

आनुवंशिक विकारांविषयी थोडक्यातच लिहितो. बेस्ट यांनी १९०५ मध्ये वर्णिलेल्या विकारात पीतबिंदूवर अंड्याच्या बलकासारखा गोल पिवळा साठा दिसतो, आणि आश्चर्य असे की, तो दिसत असताना मुलाची नजर बरीच चांगली असते. स्टारगार्ट यांनी १९०९ मध्ये सांगितलेला विकार याहून कठोर. त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे अवशेष रंजक थरात साचून तो मरतो. डोळ्यांसाठी गाजर व ‘अ’ जीवनसत्त्व हितकर, हा जो सार्वत्रिक समज आहे त्यास येथे अपवाद आहे: या रुग्णांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. ही गोष्ट निदानाच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्यावयास हवी, कारण नजर कमी झाली की घरातले कोणी ना कोणी पहिल्यांदा तीच गोळी आणून देते.

आपल्या हवामानाचे म्हणून काही विकार आहेत. डेंग्यूच्या तापात, साधारण आठवड्याच्या शेवटी, रक्तातल्या बिंबिका तळाशी गेलेल्या असताना काही रुग्णांच्या नजरेच्या मध्यावर अकस्मात डाग येतो. सिंगापूरच्या नेत्रवैद्यांनी याचे तपशीलवार वर्णन केले आणि भारतातही त्याचे दाखले आहेत. बहुतेक रुग्ण सुधारतात. चिकुनगुन्या व रिकेट्सिया यांच्या तापांनंतर येणारा दृष्टिपटलाचा दाह हाही याच जातीचा, आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या नेत्रवैद्याने तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. क्षयाची गोष्ट अधिक गंभीर. रंजितपटलावर नागमोडी पसरत पीतबिंदूकडे सरकणारा जो दाह पाश्चात्त्य ग्रंथांत अज्ञात कारणाचा म्हणून नोंदला आहे, त्याच्यासारखाच दिसणारा क्षयजन्य दाह भारतात आढळतो, आणि तो निराळा ओळखण्याच्या कामी चंडीगडच्या अमोद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. नुसत्या स्टिरॉइडवर ठेवलेला हा रुग्ण आज बरा वाटून उद्या पुन्हा बिघडतो. क्षयाची औषधे सुरू केल्यावरही पहिल्या काही आठवड्यांत दाह उलट वाढल्यासारखा दिसू शकतो, आणि त्या वेळी घाबरून औषधे बंद करणे ही दुसरी चूक ठरते.

औषधांच्या विषबाधेत क्लोरोक्विनचे घराणे अग्रस्थानी. त्याच्या दीर्घ सेवनाने पीतबिंदूभोवती झिजेचे वलय उमटते, याची नोंद १९५९ पासून आहे. आज संधिवात व ल्युपस यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे दिले जाते, आणि ते फार उपयुक्त औषध आहे. पण त्याची मात्रा शरीराच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि पाच वर्षांनंतर दरसाल डोळ्यांची तपासणी व्हावी, असा २०१६ चा संकेत आहे. त्या मात्रेत दहा वर्षांपर्यंत धोका शेकडा दोनच्या आत राहतो, वीस वर्षांनंतर तो शेकडा वीसच्या घरात जातो. आशियाई रुग्णांत हे वलय मध्यापासून दूर, बाहेरच्या कडेस उमटण्याची प्रवृत्ती आहे. म्हणून नुसत्या मध्यभागाची दृष्टिक्षेत्र तपासणी करून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारणे आपल्या रुग्णांच्या बाबतीत पुरेसे नाही. करोनाच्या साथीत २०२० साली आरोग्यसेवकांस हे औषध प्रतिबंधक म्हणून देण्यात आले तेव्हा अनेकांनी डोळ्यांची धास्ती घेतली होती. इतक्या अल्प मुदतीत पीतबिंदूस धोका नगण्य असतो, त्या उपाययोजनेवरचे खरे आक्षेप दुसरे होते. मूत्राशयाच्या दुखण्यावर दिले जाणारे पेंटोसान हे औषध १९९६ पासून अमेरिकेत वापरात असूनही त्याने होणारी पीतबिंदूची हानी २०१८ मध्ये ध्यानात आली. इतकी वर्षे त्या रुग्णांस वार्धक्यातील झीज असे नाव दिले गेले असले पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या प्रांतात पीतबिंदूच्या भोकाची हकीकत बोधप्रद आहे. हे भोक दुरुस्त होण्याजोगे नाही, असेच १९९१ पर्यंत मानले जाई. त्या वर्षी केली आणि वेंडेल यांनी काचाभ द्रव काढून डोळ्यात वायू भरण्याची शस्त्रक्रिया करून ५८ टक्के भोके मिटविल्याचे प्रसिद्ध केले, आणि आज नव्वद टक्क्यांहून अधिक मिटतात. पण या यशाच्या पहिल्याच दशकात भोक मिटलेले रुग्ण कानशिलाच्या बाजूचे दिसत नाही म्हणून परत येऊ लागले. शोध घेता दोष निघाला तो शस्त्रक्रियेत डोळ्यात सोडलेल्या कोरड्या हवेच्या झोताचा. तो थेट पडद्यावर आदळून त्यास वाळवीत होता. दाब कमी केल्यावर आणि हवा दमट केल्यावर ही तक्रार मागे पडली. त्यानंतर पडद्यावरचा पारदर्शक पापुद्रा दिसावा म्हणून इंडोसायनीन हिरवा हा रंग वापरात आला. भोके मिटत, पण काहींची नजर अपेक्षेप्रमाणे सुधारेना, आणि रंजक थरास त्या रंगाची बाधा होते असे पुरावे पुढे आले. आता बहुतेक शल्यवैद्य निळा रंग पसंत करतात.

डोळ्यात भरलेल्या वायूचा उपद्रव पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमाने होतो: बाहेरचा दाब उतरला की वायू प्रसरण पावतो, डोळ्यातला दाब चढतो, आणि रक्तपुरवठा बंद पडून कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणून विमानप्रवास वर्ज्य. नायट्रस ऑक्साइडची भूल वर्ज्य, आणि दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या रुग्णाने भूलतज्ज्ञास हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे याला घाटाची पुस्ती जोडावी लागते. मुंबईत पडद्याची शस्त्रक्रिया करून घेऊन महाबळेश्वराच्या, म्हणजे सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या, गावी परतणाऱ्या रुग्णास घरी जाणे हेच धोक्याचे असू शकते. आणि रुग्णाचे गाव कोणते हा प्रश्न केसपेपरावर पत्त्यापुरता विचारला जात असल्यामुळे तो शल्यवैद्यापर्यंत पोचतोच असे नाही. वायूऐवजी सिलिकॉन तेल घातले तर प्रवासाची अडचण मिटते, परंतु तेलाचे कालांतराने बारीक थेंब होतात, काचबिंदू उद्भवतो, पारपटलावर चुन्याचा पट्टा चढतो; आणि सर्वांत गूढ म्हणजे, काही रुग्णांची मध्यदृष्टी तेल डोळ्यात असताना किंवा ते काढल्यावर, पडदा जागच्या जागी असूनही, एकाएकी जाते. त्याचा उलगडा अद्याप झालेला नाही. पन्नाशीपुढच्या रुग्णास काचाभ द्रव काढल्यानंतर दोन वर्षांत मोतीबिंदू येणे हे तर इतके नित्याचे आहे की, त्यास उपद्रव न म्हणता शस्त्रक्रियेचा दुसरा हप्ता म्हणावे.

इंजेक्शनांचे युग २००५ च्या सुमारास सुरू झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आदल्याच वर्षी मान्य झालेले बेव्हासिझुमॅब हे औषध मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी अत्यल्प मात्रेत डोळ्यात दिले. पीतबिंदूची सूज उतरली, आणि ज्या रोगास उतार नव्हता त्यास उतार मिळाला. त्याच्या खास डोळ्यांसाठी बनविलेल्या महागड्या भावंडाच्या, म्हणजे रॅनिबिझुमॅबच्या, तोडीस ते उतरते असे २०११ च्या अमेरिकी चाचणीत दिसले आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पण ४ मिलिलिटरांच्या कर्करोगाच्या कुपीतून डोळ्यासाठी ०.०५ मिलिलिटर घ्यावयाचे, म्हणजे एकच कुपी अनेकांत वाटावयाची. आणि वाटणी जेथे निष्काळजीपणे होते तेथे एका कुपीतला जंतू सर्वांच्या डोळ्यांत जातो. २०११ मध्ये मायामी परिसरात १२ जणांस असा संसर्ग झाला. २०२३ मध्ये पाकिस्तानच्या पंजाबात कित्येकांची नजर गेली. गुजरातेतील एका घटनेनंतर भारताच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०१६ मध्ये या औषधाच्या नेत्रोपयोगाविरुद्ध इशारा काढला, आणि नेत्रवैद्यांच्या संघटनांनी कैफियत मांडल्यावर दोनच महिन्यांत तो मागे घेतला. मागे घेणे योग्यच झाले, असे मी म्हणेन: दोष औषधाचा नव्हता, वाटणीचा होता, आणि बंदीने गरीब मधुमेह्याची नजर गेली असती. पण वाटणीचा बंदोबस्त नीट करावयाचा तर निर्जंतुक खोली, नोंदवही आणि जबाबदार माणूस यांवर खर्च करावा लागतो, आणि तो खर्च बंदीच्या हुकमापेक्षा अवघड असतो.

नीट हाताळणीत डोळ्याच्या आत पू होण्याचे प्रमाण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एक इतके अल्प असते. पोव्हिडोन आयोडीनचे थेंब आणि इंजेक्शनाच्या वेळी न बोलण्याची शिस्त हे त्याचे मुख्य कारण, अँटिबायोटिक थेंबांनी त्यात विशेष भर पडत नाही. परंतु प्रत्येक दाह म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ब्रोल्युसिझुमॅबने काही महिन्यांतच दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचा दाह व अवरोध होत असल्याच्या तक्रारी आल्या. मूळ चाचण्यांची चित्रे पुन्हा तपासली तेव्हा सुमारे शेकडा साडेचार डोळ्यांत दाह आणि शेकडा दोन डोळ्यांत अवरोध झाल्याचे आढळले. म्हणजे पुरावा दफ्तरात होता, पण कोणी त्या दृष्टीने पाने उलटली नव्हती. जुन्या पिढीस जेंटामायसिनची आठवण असेल: संसर्ग टाळण्यासाठी टोचलेल्या या औषधाने, विशेषतः मात्रा चुकली तेव्हा, पीतबिंदूचा रक्तपुरवठाच बंद पडत असे, आणि ती नजर परत आली नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत घातलेल्या व्हँकोमायसिनने दुर्मीळ पण भीषण असा रक्तस्रावी दाह होतो हे कळावयास पुढे आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. आणि त्याची क्रूर गंमत अशी की, तो काही दिवस उशिरा प्रकट होत असल्यामुळे दुसऱ्या डोळ्यास तेच औषध तोवर दिलेले असू शकते.

ज्यास इलाज म्हणणेही कठीण, अशाही गोष्टी घडल्या आहेत. २०१५ मध्ये फ्लोरिडातील एका खाजगी दवाखान्यात पीतबिंदूची झीज झालेल्या तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटातील चरबी काढून, तिच्यातील तथाकथित मूलपेशी एकाच वेळी दोन्ही डोळ्यांत सोडल्या गेल्या. त्यांतील प्रत्येकीने या प्रयोगासाठी ५,००० डॉलर मोजले होते, आणि तिघींचीही दृष्टी कायमची गेली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत, परंतु जाहिराती होतच असतात. याच्या शेजारी जनुकोपचाराचे उदाहरण ठेवावे: जन्मांधत्वाच्या एका विशिष्ट प्रकारावरचा हा उपचार डिसेंबर २०१७ मध्ये रीतसर मान्य झाला, त्याने मुले अंधारात चालू लागली, आणि काही वर्षांनी त्याच मुलांतील काहींच्या पीतबिंदूभोवती झिजेचे नवे चट्टे दिसू लागले, तेव्हा ते उपचार करणाऱ्यांनीच प्रसिद्ध केले. दोन्ही ठिकाणी हानी झाली. फरक एवढाच की, दुसरीचा हिशेब ठेवला गेला. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचे केंद्र गाझियाबादेस आहे. नेत्रवैद्यांकडून तेथे जेवढे कागद जावेत तेवढे जात नसावेत, असा माझा समज आहे.

शेवटी एक वाद, जो मिटलेला नाही. वार्धक्यातील झिजेचा जो कोरडा प्रकार पीतबिंदूचे चट्टेच्या चट्टे नष्ट करतो, त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पेगसेटाकोप्लान या पहिल्या औषधास अमेरिकेने परवानगी दिली. दर महिन्यास किंवा महिन्याआड इंजेक्शन घ्यावयाचे, त्याने चट्ट्याची वाढ दोन वर्षांत सुमारे पंचमांशाने मंदावते. पण चाचण्यांत रुग्णाच्या वाचण्यात वा हिंडण्याफिरण्यात त्याचा फरक दिसला नाही, आणि काही रुग्णांत पाणी गळणारा दुसरा प्रकार अधिक आढळला. परवानगीला सहा महिने होतात न होतात तोच रक्तवाहिन्यांच्या दाहाने नजर गेल्याच्या तक्रारी तेथील दृष्टिपटल तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सभासदांस कळविल्या. तेच आकडे, तीच चित्रे पुढ्यात घेऊन युरोपीय औषध संस्थेने २०२४ मध्ये परवानगी नाकारली, पुनर्विचारातही नाकारली. चट्टा लहान राहणे हा लाभ मानावयाचा, की रुग्णास ते जाणवेल तेव्हाच लाभ मानावयाचा, यावर दोन खंडांतील दोन कचेऱ्यांचे एकमत होऊ शकले नाही. आपल्याकडे हा प्रश्न पुढे येईल तेव्हा प्रत्येक इंजेक्शनाचे पैसे बहुधा रुग्णाच्याच खिशातून जाणार आहेत, आणि त्यामुळे पारडे मला तूर्त युरोपच्या बाजूस झुकलेले दिसते.